भिंतीचा अंक आणि वर्गातला कान : बांधकाम-द्रव्यांच्या ध्वनिरोधन-मापनाचे एक परीक्षण

'ध्वनी' हा शब्द आपल्याकडे निदान तीन शास्त्रांच्या वापरात आहे. भौतिकीचा अभ्यासक त्याने हवेच्या दाबातील कंपन दाखवितो, साहित्यशास्त्रज्ञ वाच्यार्थापलीकडचा सूचित अर्थ दाखवितो, आणि व्याकरणकारांच्या परंपरेत तो उच्चाराचे श्रवणगोचर अंग म्हणून येतो. महाभाष्यात पतंजलीने भेरीचा दृष्टान्त देऊन ध्वनी आणि स्फोट यांत भेद केला आहे. एका आघाताचा नाद वीस पावलांपर्यंत पोचतो, दुसऱ्याचा चाळीस पावलांपर्यंत. वाढते किंवा घटते ते ध्वनीचे प्रमाण, स्फोट तेवढाच राहतो. बांधकामाच्या द्रव्यांचे ध्वनिरोधन मोजण्याची जी पद्धती आज सर्वत्र रूढ आहे ती पहिल्या अर्थाच्या ध्वनीपुरती आहे, आणि तेवढ्यापुरती ती अत्यंत काटेकोर आहे. अडचण उद्भवते ती तिचा निष्कर्ष वापरताना. शेजारच्या खोलीतील बोलणे या खोलीत किती पोचते याचे उत्तर घेऊन आपण या खोलीतील बोलणे कळेल की नाही हा वेगळाच प्रश्न सोडवू पाहतो. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांमधील अंतर तपासण्याचा हेतू आहे, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून प्राथमिक शाळेचा वर्ग निवडला आहे. कारण ऐकू न आल्याची किंमत सर्वांत जास्त जेथे मोजावी लागते ती जागा तीच होय.

हा विषय स्थापत्यशास्त्राचा आहे, त्यात भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का पडावे, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर जाफराबादसारख्या गावात राहणाऱ्यास फार शोधावे लागत नाही. खेळणा व पूर्णा यांच्या संगमावरील या तालुक्याच्या गावी आणि भोवतालच्या खेड्यांत मराठवाड्यातील बांधकामाचा सारा इतिहास एकाच वस्तीत उभा असलेला दिसतो. काळ्या पाषाणाच्या हात-दीड हात रुंद भिंती, पांढरीच्या मातीची घरे, सागाच्या तुळयांवर फळ्या व माती घालून केलेले माळवद, भाजक्या विटांची नऊ इंची भिंत, सिमेंटचे पोकळ ठोकळे, लोखंडी पत्रे, आणि अलीकडे शहरातून आलेल्या हलक्या सच्छिद्र विटा, हे सर्व येथे आहे. यातील प्रत्येक द्रव्य आवाज वेगळ्या रीतीने अडविते. आणि त्याच वस्तीत, जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बुलढाण्याची वऱ्हाडी व अलीकडे मराठवाडी अशा दोन बोलींच्या सांध्यावर वाढलेले मूल, पहिलीच्या वर्गात प्रमाण मराठीचे वर्ण प्रथमच ऐकत असते. द्रव्य आणि वर्ण यांची गाठ त्या वर्गात पडते.

प्रथम मापनाची रीत सांगणे अवश्य आहे. प्रयोगशाळेत शेजारी शेजारी दोन खोल्या बांधलेल्या असतात. त्यांच्यामधील सुमारे दहा चौरस मीटरच्या चौकटीत तपासावयाची भिंत उभी करतात. एका खोलीत ध्वनिक्षेपकातून सर्व कंप्रतांचा संमिश्र आवाज सोडतात आणि दोन्ही खोल्यांतील सरासरी पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दोहोंतील फरक हे भिंतीचे काम खरे. परंतु ऐकणारी खोली रिकामी व कठीण पृष्ठांची असेल तर आलेला आवाज तीत घुमत राहून पातळी वाढवितो. म्हणून त्या खोलीचा निनादकाल मोजून, भिंतीचे क्षेत्रफळ व खोलीचे शोषण यांच्या गुणोत्तराची दुरुस्ती त्या फरकात करावी लागते. निनादकालावरून शोषण काढण्याचे सूत्र वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकाचे. हे सर्व एकदा करून भागत नाही. प्रत्येक सप्तकाचे तीन भाग पाडून, १०० हर्ट्झपासून वर, प्रत्येक पट्ट्यात ते स्वतंत्रपणे करावयाचे असते. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अशा निनाद-कक्षांची सोय आहे. भारतीय मानकांत १९६२ सालचे 'भा. मा. १९५०' हे औद्योगिकेतर इमारतींच्या ध्वनिरोधनाविषयी (यातील १९५० हा क्रमांक आहे, साल नव्हे), तर १९८१ सालची 'भा. मा. ९९०१' ही मालिका प्रत्यक्ष मापनाविषयी आहे.

येथपर्यंत आक्षेप घेण्यासारखे काही नाही. किंबहुना मानव्यविद्येच्या अभ्यासकाने हेवा करावा इतकी ही रीत स्वच्छ आहे. वादाचा मुद्दा पुढच्या पायरीवर आहे. सोळा पट्ट्यांतील सोळा आकडे अभियंत्याला, कंत्राटदाराला व खरेदीदाराला नको असतात. त्यांना एक आकडा हवा असतो. पूर्वी या आकड्यांची साधी सरासरी काढीत. पण एखाद्या भिंतीत एका कंप्रतेला मोठी खोच असली तरी ती सरासरीत बुडून जाई. यावर उपाय म्हणून संदर्भवक्राची युक्ती निघाली. आंतरराष्ट्रीय मानकातील हा वक्र १०० हर्ट्झला ३३, ५०० हर्ट्झला ५२ आणि १२५० ते ३१५० हर्ट्झपर्यंत ५६ डेसिबल असा चढत जातो. हा वक्र भिंतीच्या मोजलेल्या आलेखावर एकेक डेसिबलने वरखाली सरकवायचा. भिंत वक्राच्या खाली जेथे जेथे पडते तेथील उणिवांची बेरीज ३२ डेसिबलांच्या आत राहील अशा सर्वांत वरच्या स्थानी तो थांबवायचा. आणि त्या स्थानी ५०० हर्ट्झला त्याचे जे मूल्य असेल तो त्या भिंतीचा अंक. अमेरिकेतील पद्धतीत हेच १२५ ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान करतात व कोणत्याही एका पट्ट्यात आठांहून अधिक उणीव चालू देत नाहीत.

हा वक्र आकाशातून पडलेला नाही. त्याच्या घडणीमागे शेजाऱ्याच्या घरातील बोलणे व नभोवाणी आणि त्यांना पुरेशी अडविणारी युरोपातील विटांची भरीव भिंत आहे. म्हणजे मुळात तो एका विशिष्ट समाजाच्या विशिष्ट तक्रारीचा आलेख आहे. दोन कुटुंबांमधील सामाईक भिंत, पलीकडे बोलणारी मोठी माणसे आणि अलीकडे शांतता हवी असलेला प्रौढ श्रोता, एवढे त्यात गृहीत आहे. त्या तक्रारीला तो अंक चांगले उत्तर देतो. १९९६ साली आंतरराष्ट्रीय मानकाने या अंकाला घरगुती आवाज व शहरी रहदारी यांसाठी दोन जोड-मूल्ये दिली, हे त्याच्या मर्यादेची जाणीव मानककारांनाही होती याचेच द्योतक होय. मात्र जाहिरातीच्या पत्रकात जोड-मूल्ये गळून पडतात आणि उरतो तो एकच अंक. कित्येकदा तोही गळतो व 'ध्वनिरोधक' एवढे विशेषण शिल्लक राहते.

या विशेषणाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. मराठीत 'रोधक' हा शब्द पूर्ण अडथळ्याचा भास निर्माण करतो. जलरोधक कापडातून पाणी येऊ नये अशी आपली रास्त अपेक्षा असते. ध्वनीच्या बाबतीत असा पूर्ण अडथळा संभवत नाही, केवळ प्रमाण संभवते. दुसरे असे की, ध्वनिरोधन व ध्वनिशोषण या भिन्न गोष्टी सर्रास एक मानल्या जातात. सच्छिद्र, मऊ, हलके द्रव्य खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषते. पलीकडे जाणारा आवाज अडविण्यास मात्र वजन किंवा दुहेरी रचना लागते. भिंतीला थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून खोली 'साउंडप्रूफ' केल्याचे समाधान मानणारे लोक या शब्दसंकराचे बळी आहेत. हलक्या सच्छिद्र विटांत हवेची छिद्रे आहेत म्हणून त्या आवाज 'शोषून' अडवितात, असे विक्रेते सांगतात, तेही यातलेच. ती छिद्रे बंद असतात, वर गिलावा असतो, आणि अशा विटेचे वजन भाजक्या विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असल्यामुळे त्याच जाडीची भिंत आवाज कमीच अडविते. परिभाषेतील ढिलाई येथे खर्चात उतरते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. प्रयोगशाळेतील अंक द्रव्याचा असतो. श्रोता मात्र द्रव्यात बसत नाही, इमारतीत बसतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडविते असे धरू. अशा दहा चौरस मीटर भिंतीत दोन चौरस मीटरचे साधे, फटी असलेले दार बसविले आणि ते दार २० डेसिबल अडवीत असेल, तर दोहोंचा मिळून परिणाम ३५ येईल असे सामान्य बुद्धीला वाटते; गणित २७ सांगते. याचे कारण डेसिबल हे लघुगणकी परिमाण आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरावा भाग पार होणे, ५० म्हणजे लाखावा. लाखाच्या हिशेबाला शंभराचा हिशेब एका क्षणात गिळतो.

मराठवाड्यातील पत्र्याच्या शाळांत याहून कठीण अवस्था पुष्कळ ठिकाणी आढळते. दोन वर्गांमधील भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच नसते. सात मीटर लांब व तीन मीटर उंच अशी ती भिंत आणि तिच्या माथ्यावर दहा सेंटिमीटरची सलग फट, असे समजू. फटीचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्राच्या तिसाव्या भागाइतके. फट काहीच अडवीत नाही, म्हणून संपूर्ण विभाजनाचे रोधन पंधरा डेसिबलांच्या आसपास येऊन थांबते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, भिंत विटांची ५० डेसिबलांची असो, काळ्या दगडाची ६० ची असो, की पांढरीच्या मातीची असो, उत्तर पंधराच राहते. शेजारच्या वर्गात मुले एका सुरात पाढे म्हणत असून तेथील पातळी ८० डेसिबल आहे असे धरले (खोलीच्या शोषणाची दुरुस्ती तूर्त बाजूला ठेवू), तर अलीकडे ६५ पोचतात. शिक्षकांचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जाता जाता साठीच्या आसपास उतरलेला असतो. म्हणजे पाठीमागच्या मुलाच्या कानी स्वतःच्या गुरुजींपेक्षा शेजारचे पाढे अधिक पडतात. शाळांसाठी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मानकात रिकाम्या वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलांपर्यंत आणि दोन वर्गांमधील भिंतीचा अंक ५० अपेक्षिलेला आहे. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता-क्षेत्र ठरविले व तेथे दिवसाची मर्यादा ५० ठेवली. पण हे सारे शाळेबाहेरच्या आवाजाविषयी आहे. शेजारचा वर्ग कायद्याच्या दृष्टीने उपद्रव नव्हे.

मग जुनी जड भिंत व माळवद यांकडे परत जावे काय? श्रवणाच्या दृष्टीने मोह होण्यासारखा आहे. एकेरी भिंतीचे रोधन मुख्यतः तिच्या वजनावर ठरते. दर चौरस मीटरचे वजन दुप्पट झाले की सिद्धान्ताप्रमाणे सहा डेसिबल वाढतात, व्यवहारात पाचेक. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला चार किलो भरतो. चांगल्या जाड माळवदाचे वजन पाचशे किलोंच्या घरात जाते. चाराचे पाचशे बारा होण्यास सात वेळा दुप्पट करावे लागते. अर्थात सिद्धान्ताने सुमारे चाळीस डेसिबलांचा फरक. माळवदाच्या घरात बाहेरचा कोलाहल ऐकू येत नाही, या अनुभवाचे स्पष्टीकरण एवढ्यात आहे. परंतु हेच वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व परिसरात झोपलेल्या माणसांवर कोसळले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे यांनी त्या भूकंपात हजारोंचे बळी घेतले, आणि त्यानंतर मराठवाड्यात हलक्या छताकडे लोक वळले ते योग्यच झाले. तेव्हा वजनाचे उत्तर येथे बंद आहे. उरते ते दुहेरी रचनेचे, म्हणजे दोन हलके पडदे, मध्ये पोकळी, पोकळीत तंतुमय द्रव्य. अशी रचना कमी वजनात विटांच्या भिंतीशी बरोबरी करू शकते, मात्र मंद्र कंप्रतांना ती अशक्त असते. एकच अंक मिळालेल्या दोन भिंती, एक जड विटांची व एक हलकी दुहेरी, म्हणूनच कानाला सारख्या नसतात.

पत्र्याच्या बाबतीत तर मापनाचे हे सर्व तंत्रच अपुरे पडते. हवेतून येणारा आवाज पत्रा किती अडवितो याचा अंक काढता येईल. पण पावसात पत्रा स्वतःच वाद्य होतो. बाहेर आवाज नसतो, तो छतावर जन्मतो. यासाठी वेगळे मापन लागते, आणि ते २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकात आले. त्यात पाच मिलिमीटर व्यासाचे थेंब, सेकंदाला सात मीटर वेगाने, तासाला ४० मिलिमीटर या दराने नमुन्यावर पाडून खालच्या खोलीतील आवाज मोजतात. पत्रे विकणाऱ्यांच्या पत्रकांत या मापनाचा उल्लेख माझ्या पाहण्यात नाही. आणि येथे पंचांगही आड येते. आपल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात व पाऊस त्याच सुमारास लागतो. पहिलीचे मूल 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतचे वर्ण प्रथम ऐकते ते पत्र्यावर पाऊस वाजत असलेल्या महिन्यांत.

आता ज्याला आपण कळणे म्हणतो त्याचा विचार करू. बोलण्यातील बहुतेक शक्ती एक हजार हर्ट्झच्या खाली, स्वरांत साठलेली असते. शब्द ओळखण्याची मदार मात्र फार मोठ्या प्रमाणात वरच्या कंप्रतांतील क्षीण व्यंजनांवर असते. बेल प्रयोगशाळेतील फ्रेंच व स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली निरर्थक अक्षरे ऐकवून दाखविले की, ग्राह्यतेची दोन समान शकले १९०० हर्ट्झच्या आसपास पडतात. भिंतीच्या संदर्भवक्राकडे या दृष्टीने पाहिले की एक मौज दिसते. तो वक्र १०० हर्ट्झला ३३ व ३१५० हर्ट्झला ५६ आहे. म्हणजे चांगल्या भिंतीने वरच्या कंप्रता खालच्यांपेक्षा तेवीस डेसिबल अधिक अडवाव्यात असे त्यातच मान्य केले आहे. भिंत आवाज नुसता लहान करीत नाही, ती त्याचे वर्ण निवडते.

कोणते वर्ण? मिलर व नाइसली यांनी १९५५ साली इंग्रजीतील सोळा व्यंजने गोंगाटात आणि वरच्या कंप्रता छाटून श्रोत्यांना ऐकविली व कोणत्या व्यंजनाच्या जागी कोणते ऐकू येते याचे कोष्टक मांडले. घोष-अघोष भेद आणि अनुनासिकत्व दीर्घकाळ टिकते. उच्चारस्थान मात्र लवकर हरवते, असा त्यांचा निष्कर्ष. इंग्रजी वाचकाला तो लक्षात ठेवावा लागतो. आपल्याला तो वर्णमालेत आयता दिसतो. आपली वर्णमाला आडवी वाचली असता प्रयत्न बदलतात, उभी वाचली असता स्थाने बदलतात. क, ट, त, प हे एकमेकांत मिसळतील. ङ, ण, न, म हे मिसळतील. पण प आणि ब, त आणि न हे सहसा वेगळे राहतील. गोंगाटात कोष्टकाच्या उभ्या भिंती टिकतात आणि आडव्या कोसळतात. महाप्राण-अल्पप्राणांचे काय होते हे मात्र इंग्रजीवरून सांगता येणार नाही, कारण हा भेद त्या भाषेत अर्थभेदक नाही. तीच गोष्ट दंत्य व मूर्धन्यांची, 'ल' व 'ळ' यांची, आणि 'तो जात आहे' यातील व 'जातपात' यातील अशा दोन 'ज'कारांची. पात-पाट, दात-दाट, काल-काळ, माल-माळ या जोड्यांचा सगळा भार उच्चारस्थानावर, म्हणजे गोंगाटात सर्वप्रथम ढासळणाऱ्या लक्षणावर आहे.

प्रौढ श्रोता हरवलेला वर्ण वाक्याच्या आधाराने भरून काढतो. 'विहिरीचं पाणी' यातील 'ण' ऐकू आला नाही तरी त्याचे काही अडत नाही. सहा वर्षांच्या मुलाजवळ हा आधार तुटपुंजा असतो, आणि जाफराबाद परिसरातील मुलाची अडचण आणखी एक पायरी खोल आहे. पुष्कळ घरांत 'पानी' हाच शब्द आहे. ण-न हा भेद घरच्या बोलीत नाही. पलीकडे वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो आणि 'काळा'चे 'काया' होते. यात उणे काही नाही. बोलींचे ते स्वतःचे नियम आहेत. परंतु शाळा ज्या प्रमाण भाषेत लिहावयास शिकविते तिच्यातील ण व ळ या मुलाने घरी ऐकलेले नाहीत. ते त्याला वर्गातच, गुरुजींच्या तोंडून ऐकावयाचे असतात. ऐकलेच नाही तर ते लिहिताना चुकणार. मग वहीवर लाल रेघ ओढली जाते आणि दोष मुलाच्या बोलीला दिला जातो. शुद्धलेखनातील किती चुका बोलीच्या व किती पत्र्याच्या, याचा निवाडा आजवर कोणी केला नाही, आणि भिंतीच्या अंकावरून तो होणारही नाही.

शेजारच्या पाढ्यांकडे पुन्हा एकदा येऊ. भिंत भरीव असली तर व्यंजने अडतात, पण लय, स्वरांची लांबी आणि सूर पार येतात. म्हणूनच भिंतीपलीकडून 'बे एके बे' चालले आहे की सातचा पाढा, हे शब्द न कळताही ओळखता येते. हा आवाज पातळीने अल्प असतो, तरी लक्ष वेधतो. बोलण्यासारख्या बदलत्या आवाजाने स्मरणात धरलेली अक्षरमाला विस्कटते, आणि तेवढ्याच पातळीच्या एकसुरी गोंगाटाने तितकी विस्कटत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या प्रयोगांतून दाखविले आहे. फटीतून येणाऱ्या आवाजाची निवड होत नाही. त्यातून व्यंजनांसकट शब्द येतात, आणि दोन गुरुजींची वाक्ये एकाच कानात भांडू लागतात. पावसाचा आवाज तिसऱ्याच जातीचा. तो अर्थहीन व अखंड असतो, पण वरच्या कंप्रतांपर्यंत पसरलेला असल्यामुळे उच्चारस्थानाचे भेद पुसून टाकतो. डेसिबलांत तिन्ही कदाचित सारखेच भरतील. अपाय तीन प्रकारचा आहे, आणि उपायही तीन प्रकारचा असावयास हवा.

येथे असे म्हणता येईल की ग्राह्यतेचेही यंत्रमापन आता उपलब्ध आहे. मग अक्षरे ऐकवीत बसण्याचे कारण काय? हौटगास्ट व स्टीनेकेन या डच संशोधकांनी १९७० च्या दशकात मांडलेला वाक्-संक्रमण निर्देशांक हा बोलण्यातील चढउतार श्रोत्यापर्यंत किती शाबूत पोचतात ते मोजतो, आणि तो भाषानिरपेक्ष आहे ही त्याची मोठी सोय मानली जाते. तो भिंतीच्या अंकाहून निश्चितच पुढचा आहे. पण भाषानिरपेक्षता हाच त्याचा उणेपणाही आहे. परभाषक श्रोत्याला तेवढेच कळण्यासाठी अधिक वरचा निर्देशांक लागतो, हे त्या मानकाच्या पुढील आवृत्त्यांनी मान्य केले. घरी 'पानी' म्हणणारे मूल मराठीभाषकच आहे, तरी ण-न या एका भेदापुरते ते परभाषकाच्या जागी उभे आहे. त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावा याचे उत्तर यंत्राजवळ नाही. भिंतीला भाषा कळत नाही हे खरे. परंतु 'भिंतीलाही कान असतात' ही म्हण ज्यांनी केली त्यांना भीती वाटत होती ती शब्द ऐकले जाण्याची, पातळीची नव्हे.

डेसिबलाचा त्याग करावा असा या परीक्षणाचा आशय नाही. त्याच्यावाचून माथ्यावरील फटीचे गणितच मांडता आले नसते. मागणी एवढीच आहे की शाळेच्या बाबतीत द्रव्याच्या प्रयोगशाळेतील अंकावर न थांबता प्रत्यक्ष उभ्या वर्गात, दार-फटींसह, मापन व्हावे, आणि त्याच्या शेजारी मराठी अक्षरांची ग्राह्यता नोंदवावी. याला लागणारे साहित्य थोडे आहे. वर्णमालेतील प्रत्येक व्यंजन 'आ'कारान्त करून एका ठराविक वाक्याच्या मध्यभागी बसवावे. ती वाक्ये परिसरातीलच एखाद्या शिक्षिकेच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत. पुण्याच्या आकाशवाणीचा आवाज या कामास नको. शिक्षकाच्या जागेवरून ठराविक पातळीला ती ऐकवावीत आणि लिहिता येणाऱ्या, म्हणजे तिसरी-चौथीच्या मुलांनी ऐकलेले अक्षर लिहावे. हे शेजारचा वर्ग शांत असताना एकदा, पाढे चालू असताना एकदा आणि पाऊस पडत असताना एकदा करावे. पाहिजे तर पहिल्या फेरीतील चुका बोलीच्या खाती धराव्यात. पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांवर जी भर पडेल ती इमारतीची. निष्कर्ष टक्केवारीत न देता बोललेले अक्षर उभे व ऐकलेले आडवे अशा कोष्टकात द्यावेत, म्हणजे 'ण'चे 'न' किती झाले व 'ट'चे 'त' किती, हे दिसेल. त्याच दिवशी दोन खोल्यांमधील पातळीचा फरक व निनादकालही मोजावा. विद्यापीठाच्या भौतिकी विभागाने ध्वनिपातळीमापक व एक जाणता सहायक दिला, तर भाषा विभागाच्या विद्यार्थ्यांना एका शाळेस दोन दिवस पुरतील. पावसाची फेरी तेवढी पावसाच्या मर्जीवर सोडावी लागेल.

या कामात शाळांचा क्रम लावावयाचा झाल्यास माथ्याची फट असलेल्या शाळा प्रथम घ्याव्यात, कारण तेथे दुरुस्तीची किंमत सर्वांत कमी आहे. वरचे दोन थर विटांचे रचून, पत्र्याच्या नागमोडी खाचांत गिलावा दाबून बसविला म्हणजे पंधरा डेसिबलांचे विभाजन एका सुटीत तिसांच्या पुढे जाऊ शकते. त्याहून पुढे जाण्यास मग दार आड येते. पत्र्याखाली दुसरे छत घालणे खर्चाचे आहे, आणि ते घालावयाचे असल्यास पत्र्यापासून अंतर सोडून, मध्ये तंतुमय द्रव्य ठेवून घालावे. पत्र्याला घट्ट चिकटविलेली पातळ फळी पावसाचा आवाज खाली आणते. शाळा-बांधकामाच्या अंदाजपत्रकात विटेची जात, सिमेंटचे प्रमाण व पत्र्याची जाडी यांचे रकाने असतात. त्यांत 'भिंत छतास भिडविणे' या कामाचा एक रकाना वाढविता येईल.